सकाळची गोळी

१९ नोव्हेंबर

कुणालच्या गोडाऊनच्या पुढच्या खोलीत आज हृदयाचा दवाखाना उघडला. नारळ मी फोडला, कारण मी समितीचा अध्यक्ष. अध्यक्ष का, तर जागा माझ्या मुलाची आणि मला दुसरं काम नाही. दवाखान्याचे मालक तीन: सरकारी आरोग्य खातं, मुंबईचा एक ट्रस्ट आणि वडप्याला जिची मोठमोठी गोडाऊनं आहेत ती परदेशी कंपनी. कोरोनात याच खोलीत लशी टोचल्या तेव्हा तिघांची ओळख झाली, आता रीतसर सोयरीक. बॅनरवर कोणाचं चिन्ह मोठं यावरून सकाळी तिघांत धुसफूस झाली तेव्हा मला अगदी लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

कंपनीने सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. गेल्या वर्षीच्या उरलेल्या आहेत, पण कागद झकास. भिवंडीच्या जकात नाक्यावर माझं आयुष्य गेलं. नाका बंद झाला, मी निवृत्त झालो, हाताची लिहिण्याची खोड तेवढी राहिली. छापलेल्या तारखा खोडून लिहीत जाईन.

तपासायला मात्र कोणी आलं नाही. आमच्या अंजूर गावची अर्धी माणसं दाराबाहेर उभी राहून बघत होती. छातीत काही होत नसताना छाती दाखवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच खुर्चीवर बसलो. क्षितिजा म्हणून नर्स आहे, कल्याणहून येते, वयाने माझ्या सुनेपेक्षा लहान. तिने दंडाला पट्टा बांधला आणि दाजी, तुमचं एकदम छान आहे म्हणाली. मी छाती काढून बाहेर आलो आणि आमच्या बायकोला, ठकूला, ओढून खुर्चीवर बसवलं.

तिच्या वेळी क्षितिजाने पट्टा एकदा बांधला, मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग खाली बसून तिने ठकूच्या नडगीवर अंगठा दाबला. मी तेव्हा ट्रस्टच्या रोशनीताईंशी गप्पा मारत होतो. ठकूने लुगडं घोट्यावर ओढून घेतलं एवढंच पाहिलं.

२८ नोव्हेंबर

ठाण्याला जाऊन ठकूच्या हृदयाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, थोडं मोठं झालंय, अंगात पाणी साठतंय. सांभाळलं तर पुष्कळ वर्षं निघतील. प्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि एक पाण्याची गोळी. ती सकाळी घ्यायची, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ कमी. सुकट, सुके बोंबील, खारं, सगळं बंद.

आगरी बाईला सुकट बंद म्हणजे मला वाटलं आता ती डॉक्टरांनाच झापणार. पण तिने एकच विचारलं, "गान्याचा काय? गायाचा का न्हाय?" डॉक्टर म्हणाले खुशाल गा. मग तिने बाकी सगळं मान्य केलं.

सकाळी गोळीवर पाणी द्यायचं काम मी अंगावर घेतलं आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या हातात पाण्याचा पेला देण्याची ही पहिलीच वेळ असावी. आज तिने पेला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, धुतलाय का.

१७ डिसेंबर

गोळीने कमाल केली. ठकूचे पाय उतरले, जोडवी बोटात गरगर फिरतात. काल ती खाडीकडच्या गावदेवीला चालत गेली आणि न थांबता परत आली. इतके दिवस मी तिला म्हातारी झालीस म्हणून चिडवत होतो. नाक्यावर असताना ट्रकचे दबलेले पाटे बघून मी लांबूनच सांगायचो की कागदावर लिहिलंय त्यापेक्षा माल जास्त आहे. घरातल्या माणसाचं मात्र मशीनने सांगावं लागलं. असो.

दवाखान्याचं लक्षण काही ठीक नाही. मंगळवारी क्षितिजा येते, दिवसभर बसते, आणि मी आणि ठकू सोडून कोणी फिरकत नाही. आज समितीची बैठक झाली. रोशनीताई पडलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या की या गावांत तरणी माणसं पटापट जातात, कोणी जेवताना, कोणी माल उतरवताना, आणि घरचे म्हणतात वारा लागला. मार्चपर्यंत माणसं आली नाहीत तर कंपनी खोली बंद करणार. ठकू चहा देत होती. कप ठेवता ठेवता ती जरा जास्तच वेळ तिथे रेंगाळली.

५ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

ठकू धवलारीण आहे. आमच्यात लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. मांडवात पिठाचा चौक भरतात, त्यापाशी ती बसते आणि धवले गाते. ती गाईल तेव्हा हळद लागते, ती थांबेल तेव्हा थांबते. भटजी दुसऱ्या दिवशी येतो आणि फार तर अक्षता टाकतो, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ठकूने हे बायजाबाई नावाच्या जुन्या धवलारणीकडून घेतलं. बायजाबाई आता नाही, पण तिची शिस्त ठकूच्या अंगात आहे. चौकापाशी बसली की धवला पुरा होईपर्यंत उठायचं नाही, पाणी नाही, चहा नाही. उठली तर हळद मोडली. बाकी गावांच्या धवलारणी उठतात, फोनवरसुद्धा बोलतात. म्हणून तर लोक ठकूला बोलावतात.

तर आज वडप्याच्या एका हळदीत ठरलेले धवले झाल्यावर तिने एक नवीनच उचलला:

कोंबरा आरवला गो बाये, सकाल झाली
सकाल झाली गो बाये, गोली घेतली का
गोलीवर पानी गो बाये, देतो तुना कोन
देतो तुना कोन गो बाये, घरधनी देतो पानी

एका दमात एक ओळ, घंटेसारखा आवाज. शेवटच्या ओळीला तिने मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे हात केला आणि सगळ्या बाया खुसुखुसू हसल्या. मला कुठे तोंड लपवावं कळेना. पण खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. निशाने, म्हणजे आमच्या सुनेने, सगळं फोनवर घेतलं आहे. मी ते तिच्याकडून माझ्या फोनवर मागवून घेतलं आणि घरी येईपर्यंत दोनतीनदा पाहिलं.

२१ जानेवारी

खोलीत आज पाय ठेवायला जागा नव्हती. बाया आल्या, बायांनी नवऱ्यांना आणलं, एकीने तर वडप्याच्या गोडाऊनमधला आपला हमाल दीर मानगूट धरून आणला. क्षितिजाला जेवायला फुरसत झाली नाही. जी येते ती खुर्चीवर बसताना म्हणते, गोली घेतली का, आणि हसते. डॉक्टरांच्या बॅनरने जे झालं नाही ते ठकूच्या चार ओळींनी केलं.

रोशनीताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की काकी आणखी गावांतून गातील का, कंपनीचे साहेबसुद्धा ऐकायला येतील. मी म्हटलं, गाईल की. जिथे हळद तिथे ठकू. आता लग्नसराई आहे, म्हणाल तिथे पाठवतो. ठकूला विचारायचं राहिलं, पण ती नाही म्हणणार नाही. संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढ्या जागी? मग म्हणाली, बरा.

९ फेब्रुवारी

एक गोष्ट मनात घोळते आहे.

पाण्याची गोळी घेतली की ठकूला सारखं उठावं लागतं. घरी काही वाटत नाही. पण हळदीच्या दिवशी सकाळीच मांडव, मग चौक, मग धवले दुपार कलेपर्यंत. उठता येत नाही. गेल्या आठवड्यात एका मांडवात तिचे फार हाल झाले, काय ते मी लिहीत नाही. तेव्हापासून हळदीच्या दिवशी ती ती गोळी घेत नाही. मला तिने हे सरळ सांगितलं, लपवलं नाही. मी म्हटलं, मग परत आल्यावर घे.

तर ती माझ्यावरच उखडली. "सकालची गोली दुपारी घ्यायची म्हंजे मुहूर्त टलल्यावर अक्षता टाकायच्या. तेचा काय फल मिलनार?" आणि वर म्हणाली की आपणच बायांना सकाळ सकाळ म्हणून सांगायचं आणि आपण दुपारी घ्यायची, हे तिला जमणार नाही.

तिचं म्हणणं मला पटलं. तिचं सगळं आयुष्यच वेळेवर चालतं. चुकलेली वेळ पुढे ढकलून भरून निघत नाही, हे ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाणते. शिवाय कागदावर डॉक्टरांनी सकाळी असंच लिहिलंय. क्षितिजाला विचारावं असं मनात आलं होतं. पण एखाददुसऱ्या दिवसाने काय होतंय? प्रेशरच्या गोळ्या चालूच आहेत.

४ मार्च

कंपनीचे साहेब आले होते. दवाखाना बंद होत नाही, उलट आणखी गावांत उघडणार. टाळ्या झाल्या. ठकूला शाल दिली. साहेबांनी तिचा हात हातात घेऊन इंग्रजीत बरंच काही म्हटलं, ती आपली मान डोलवत होती.

मग क्षितिजाने सगळ्यांदेखत सहज विचारलं, काकी बऱ्याच मंगळवारी आल्या नाहीत, गोळ्या रोज चालू आहेत ना, पाण्याची पण?

मी म्हटलं, "रोज. पाणी मीच देतो." सगळे हसले. साहेबांना रोशनीताईंनी ते इंग्रजीत सांगितलं, मग तेही हसले.

ठकूने माझ्याकडे पाहिलं. आता मला सांगा, तिथे काय म्हणायचं होतं? जिच्या गाण्यावर दवाखाना उभा राहिला तीच गोळी घेत नाही, असं त्या शालीसमोर सांगायचं? गावात हसं झालं असतं, आणि उद्यापासून बायांनीही गोळ्या ठेवून दिल्या असत्या. मी बोललो ते सगळ्यांच्या भल्यासाठी. क्षितिजाला काकींचं प्रेशर घ्यायचं होतं, पण वडप्याच्या मांडवातून गाडी आली आणि ठकू गेली.

हल्ली एकही दिवस हळदीवाचून जात नाही.

२१ मार्च

धवल्याचं रेकॉर्डिंग झालं. ट्रस्टची गाडी गावोगाव फिरणार, तिच्या भोंग्यावर लावायचं आहे. भिवंडीत निजामपुऱ्याला एका लाऊडस्पीकरवाल्याची खोली आहे, तिथे गेलो. भिंतीला लागून कापडाचे लूम, खडखडाट असा की स्वतःचा आवाज ऐकू येईना. शुक्रवार होता म्हणून बरं, दुपारी नमाजाला लूम थांबले तेवढ्यात उरकलं.

तीनदा गायली. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीत "सकाल झाली गो बाये" म्हणून ती थांबली आणि मग "गोली घेतली का" म्हणाली. मी म्हटलं आधी असं नव्हतं, परत घेऊ. पण तो लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "रहने दो चाचा. आपा जहाँ रुकती है ना, वहीं तो असर है।" परत ऐकलं तर त्याचं खरं होतं. थांबते तिथे ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. म्हातारपणी कला आणखी पिकते म्हणतात ती अशी. मी ठकूला तसं म्हटलंही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "चला घरा. मना पडायचा हाय."

१२ एप्रिल

लग्नसराईने ठकू पार दमली आहे. पाठीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपते, आडवं झालं की खोकला येतो म्हणते. मांडवातली धूळ, हळदीची पूड, वर ते डीजेवाले धूर सोडतात, खोकला येणारच. जोडवी काढून डब्यात ठेवली, बोटाला काचतात म्हणून. उन्हाळ्यात माझीही अंगठी घट्ट होते.

जेवण जात नाही. तोंडाला चव नाही म्हणून काल सुकटीची चटणी मागितली. निशा द्यायला तयार नव्हती, मी म्हटलं दे ग, एवढी राबते, दोन घास सुखाने खाऊ दे. निशा माझ्यावर रागावली. म्हणाली, "बाबा, आईंचे पाय बघितलेत का? उद्याच्या उद्या क्षितिजाकडे नेऊया." मी म्हटलं, अक्षय्य तृतीया होऊ दे. तोवर रोज शब्द दिलेले आहेत. शब्द मी दिलेत, ते मोडले तर लोक ठकूला नावं ठेवतील. तृतीयेनंतर तिला ठाण्याला नेतो, मग महिनाभर मांडवाचं नाव नाही. ठकूलाही विचारलं. तीही म्हणाली, तृतीया झाली की.

मेघाली म्हणून शेजारची पोरगी तिच्या मागे बसून शिकते. हल्ली ठकू ओळ अर्धी टाकते आणि मेघाली ती उचलते. शिकवण्याची ही चांगली पद्धत आहे.

३० एप्रिल

काल हळदीत ठकूची तब्येत बिघडली. गावातलीच हळद होती. ओठ निळे दिसत होते, निशाच्या लक्षात आलं. निशा चौकाजवळ जाऊन कानात म्हणाली, आई उठा. ठकूने नाही म्हणून मान हलवली. शेवटचे धवले मेघालीनेच म्हटले, ठकू नुसती हात वर करून ताल देत होती. हळद लागून पुरी झाली, मग ती उठायला गेली आणि उठता आलं नाही.

कुणालने गाडी काढली. हायवेला कंटेनरची रांग, गाडी जागची हलेना. ठकू पुढच्या सीटवर सरळ बसून होती, पाठ टेकवू देत नव्हती. मला म्हणाली, "झाली ना हलद पुरी?" मी म्हटलं झाली. "मंग बरा."

हॉस्पिटलात आहे. तोंडावर मास्क. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलंय. पाण्याची गोळी कधीपासून बंद आहे, असं त्यांनी विचारलं. बंद आहे का, असं नाही विचारलं.

३ मे

ठकू गेली. पहाटे.

९ मे

लोक येतात, बसतात, जातात. प्रत्येक बाई म्हणते तिने आमाना गोली लावली. मी नाही म्हणत नाही. सकाळी उठलो की आधी पेला धुतो. मग आठवतं.

१६ मे

क्षितिजा आली होती. मंगळवार नव्हता, भेटायलाच आली. माझ्यासमोर पाटावर बसली. मग म्हणाली की तिला एक कळत नाही, गोळ्या रोज चालू असताना एवढं पाणी कसं साठलं.

मी सांगितलं. चौकाचं, बायजाबाईच्या शिस्तीचं, मुहूर्ताचं, त्या दिवशी शालीसमोर मी काय बोललो त्याचं. सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "दाजी, घरी आल्यावर दुपारी घेतली असती तरी चाललं असतं. तसाच उपयोग झाला असता. सकाळची सांगतो ती फक्त रात्रीची झोप मोडू नये म्हणून. मला एकदा विचारायचं होतंत." आणि ती रडायला लागली. तिला पाणी निशाने दिलं. माझ्याने उठवलं नाही.

फक्त झोप मोडू नये म्हणून. ठकू त्याला मुहूर्त समजली. ती तिच्या ज्ञानाप्रमाणे वागली, तिला मी दोष देत नाही. पण मला विचारलं होतं. चार माणसांत, नाव घेऊन, सरळ. मी हसून उत्तर दिलं. नाक्यावर कोणी अशी बतावणी केली असती तर मी ताडपत्री सोडायला लावली असती. तिचे पाय, तिच्या उशा, तिचा खोकला, सगळं या डायरीत माझ्याच अक्षरात आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मी त्याला काहीतरी छान नाव दिलं आहे. मी तिला मारलं असं लिहिणार होतो. निशा म्हणते असं लिहू नका. मग काय लिहू?

१५ जुलै

वडप्याला हमालांच्या खोल्यांत तापाची साथ आहे. एकेका खोलीत दहाबारा माणसं, बाहेर टायरांत साठलेलं पाणी. दवाखाना सध्या तापाचाच झाला आहे, प्रेशरचं मशीन कपाटात. तिघे मालक नेहमीप्रमाणे कोणी काय आणायचं यावर भांडले, पण औषधं आली, मच्छरदाण्या आल्या, आणि खात्याची माणसं पावसात घरोघर फिरली. हे तीन बाजूंचं गाडं मी कितीही हसलो तरी चालतं, हे मान्य करायला हवं.

गाडी गावात येते तेव्हा आधी ठकू गाते आणि मग तापाची सूचना सांगतात. लोकांना ठकूच्या आवाजाने गाडी ओळखायची सवय झाली आहे. तिच्या माघारी लावू का म्हणून रोशनीताई विचारायला आल्या होत्या. मी हो म्हटलं. आता गाडी वळणावर आली की मी खिडकी लावून घेतो, तरी ऐकू येतं. सकाल झाली गो बाये. मग ते थांबणं. तेवढ्यात तिची छाती वरखाली होते आहे, तिला हवा पुरत नाही, आणि मी शेजारी उभा राहून कला कला म्हणतोय. मग गोली घेतली का.

मी समिती सोडणार होतो. सोडली नाही. मंगळवारी दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येकीला विचारतो, गोळीची वेळ जमते का? अडचण असेल तर आत सांग, वेळ बदलून मिळते. काहीजणी म्हणतात, दाजी आता फार बोलायला लागला. बोलू देत.

२२ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली, मांडव पडायला लागले. उद्या मेघालीची पहिली हळद, एकटीने. ती आज पाया पडायला आली आणि म्हणाली, दाजी, एकदा ऐका. काकीचे जुने धवले तिने म्हटले, मग तो गोळीचा. दुसऱ्या ओळीत "सकाल झाली गो बाये" म्हणून थांबली. अगदी तेवढीच. तिच्याबरोबर दोन लहान पोरी होत्या, त्याही थांबल्या. गाडीवरचं ऐकून शिकल्या आहेत. धवला असाच आहे असं त्यांना वाटतं.

मी फोनमधला जानेवारीतला व्हिडिओ काढला होता, तिला दाखवायला. ठकू एका दमात म्हणते तो. दाखवणार होतो की पोरी, इथे थांबायचं नाही, ते गाणं नाही, ते दुखणं आहे. फोन हातात धरून बसलो. पण तिथे थांबल्या की तिघींचे चेहरे असे काही होत होते की माझ्याने दाखवलं नाही. फोन परत खिशात ठेवला.

मी म्हटलं, "थांबतेस तिथे थांब. पण मला एक वचन दे. मधे उठावंसं वाटलं तर उठायचं."

ती म्हणाली, "काकी कदी उठली न्हाय. उठली तर हलद मोडते."

मी म्हटलं, "मोडली तर मी आहे. माझं नाव सांग."

ती पोरींना घेऊन निघाली. तिला पटलं नाही असं वाटलं.

२३ नोव्हेंबर

हळदीला गेलो होतो. ठकू गेल्यापासून पहिल्यांदाच मांडवात पाऊल टाकलं. मागे खांबाला टेकून उभा राहिलो, नेहमीच्या जागी. मेघाली चौकापाशी बसली होती. आवाज थोडा कापत होता, मग बसला. दुपार झाली. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला, ती बसल्या जागी चुळबुळ करत होती. वयाने विशीतली, तिला कसलं दुखणं नाही, नुसतं उठायचं होतं. पण उठत नव्हती.

मग तो धवला आला. कोंबरा आरवला गो बाये, सकाल झाली. सकाल झाली गो बाये. आणि ती थांबली. तिच्याबरोबर अख्खा मांडव थांबला, म्हाताऱ्यासुद्धा. नवरीच्या गालावर हळदीचा हात होता, तो तिथेच राहिला.

मेघालीने माझ्याकडे पाहिलं. मी ऊठ म्हणून मान डोलवली.

ती उठली. कोणीतरी बाई अगो म्हणाली, दुसरीने तिला गप्प केलं. मेघाली लुगडं सावरत बायांच्या मधून वाट काढत मागच्या दाराने गेली. कोणी हललं नाही. चौकातलं पीठ तसंच, समई तशीच, नवरी हळद घेऊन तशीच बसलेली. मी खांब घट्ट धरला होता. मला ठकूची फार आठवण आली.

ती परत आली. पदराला हात पुसत बसली, एकदा घसा साफ केला आणि जिथे सोडली होती तिथूनच ओळ उचलली. गोली घेतली का. बायांनी पुढची ओळ धरली, नवरीच्या गालावरचा हात पुढे सरकला. हळद लागली, पुरी झाली. काही म्हणजे काही बिघडलं नाही.